किती जणांनी विचारलं

चष्मा कपाळावर सरकवून ती म्हणायची, “मोबाईल काय सांगतो त्ये ऱ्हाऊ द्या, भाऊ. किती जणांनी इचारलं त्ये बगा.”

वेल्ह्याच्या स्टँडजवळ तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. टाईप करता न येणारे लोक दुखणंही तिच्याकडूनच मोबाईलवर शोधून घेत. कॅलेंडरच्या पाठीमागे ती गाव आणि दुखणं लिहून ठेवी, नाव कधीच नाही. मी आरोग्य केंद्रातला सेवक, घरोघरी हिंडून ताप शोधणारा. माझ्या गावांतला ताप हिला खुर्चीवर बसून माझ्याआधी कळायचा. तुम्हीच सांगा, जळफळाट होणार नाही?

त्यात एकदा पुण्याच्या बैठकीत साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला. लोक मोबाईलवर काय शोधतात, त्यावरून साथीची चाहूल लागते म्हणे. सगळे माना डोलावत होते. मला मात्र तिचं कॅलेंडर आठवून पोटात दुखत होतं.

ऐन भातलावणीत तिचा फोन आला. दुकानात गर्दी ऐकू येत होती. “तुमच्या पासली गावची पाच माणसं इचारून गेली दोन दिसांत. ताप, आन् पोटऱ्या लई दुखत्यात.”

“लावणीत पोटऱ्या दुखणारच, ताई.”

“व्हय, पर डोळं बी लाल झाल्यात म्हणत्यात. येकदा जाऊन या.”

चिखलातून होणारा लेप्टोचा ताप असाच असतो, हे मला शिकवलेलं होतं. पण हिच्या सांगण्यावरून मी धावायचं? मी चौथ्या दिवशी गेलो. रक्त घेतलं, गोळ्या वाटल्या, साथ आटोक्यात आली. एका बाईला मात्र पुण्याला हलवावं लागलं. ती वाचली नाही.

अहवालात ‘माहिती कशी मिळाली’ या रकान्यात मी ‘गृहभेटीतून’ असं लिहिलं. साहेबांनी पाठ थोपटली. दुकानातल्या ताईच्या कानावर हे गेलंच असणार.

पुढे दुकान बंद करून ती भाटघरला लेकीकडे राहायला निघाली. मी निरोप घ्यायला गेलो, तर मेलेल्या बाईचा नवरा तिथं बसलेला.

“तुमी फोन केला व्हता ना? मंग ह्ये लगेच का न्हाई आले?” त्यानं माझ्यादेखत तिला विचारलं.

“भाऊ त्या दिशी लई कामात व्हते,” ती म्हणाली.

तिच्या दुकानातून आमच्या केंद्राची पायरी सरळ दिसायची. तिचा फोन मी त्याच पायरीवर पेपर वाचत बसून घेतला होता.