मासे नव्हते, तरी कुकारो घातला

आमच्या घराच्या मधोमध चिऱ्याची एक भिंत आहे. थोरला भाऊ आणि मी वेगळे झालो तेव्हा दोघांनी मिळून घातलेली. भाऊ गेला. पलीकडे आता त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या राहतो. अलीकडे मी. पूर्वी अलीकडे आम्ही दोघं होतो. बायकोला जाऊन दोन पावसाळे झाले. मी चौथी शिकलेला माणूस, मला लिहायची सवय नाही. हे सगळं खरं तर तिने सांगायचं, तिला सांगता यायचं. ती नाही म्हणून मी लिहितो.

त्सुनामी आली त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. ती आली पलीकडच्या समुद्रात, पण आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या वर्षभर पाण्याकडे पाठ करून बसत नव्हत्या. मला भीती पाण्याची नव्हती. मला भीती भिंतीची होती.

पुतण्याचं लग्न नवीन होतं. सून खाडीपलीकडची, बारीक अंगाची, कमी बोलणारी. पहिले सहा महिने भिंतीतून फक्त तिचा खोबरं खवण्याचा आवाज यायचा. मग दुसरे आवाज सुरू झाले. आधी त्याचं ओरडणं. मग काहीतरी आदळल्याचं. मग काहीच नाही. ते काहीच नाही सुरू झालं की माझा घास ताटातच राहायचा. बायको माझ्याकडे बघायची. मी खाली मान घालून काटा काढत बसायचो. काटा नसायचाच.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायको सुनेला विचारायची, "काय गो, तोंडाक काय झाला?"

"पडलंय, काकी. न्हाणीत."

पडलंय, म्हणजे पडले. आमच्या वाडीत बायका फार पडायच्या. कोणी न्हाणीत, कोणी पायरीवर, कोणी विहिरीच्या कडेला. ऐकणारी "सांभाळून चल गो" म्हणायची आणि कळशी भरायची.

एकदा मी अंगणातून म्हटलं, "अरे, जरा हळू." एवढंच. थोड्या वेळाने पुतण्या माझ्या ओटीवर आला. हातात कोयता होता, नारळ सोलत असावा. तो कोयता त्याने माझ्यासमोर खाली ठेवला. अगदी हळू, आवाजसुद्धा केला नाही. म्हणाला, "काका, ही भिंत तू आणि माझ्या बापाशीनच घातलास ना? मगे कान पलीकडे कित्याक लावतंस?" आणि कोयता उचलून गेला. त्या दिवसापासून मी त्याच्या पावलांचा आवाज ओळखायला लागलो.

माझी पाठ तेव्हाच गेली होती. रापणीचा, म्हणजे सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावर खेचायच्या जाळ्याचा, दोर ओढणं माझ्याच्याने होत नव्हतं. मी कातळावर बसून पाणी बघायचो. बांगड्यांची झुंड किनाऱ्याजवळ आली की तिथलं पाणी काळसर दिसतं. ते दिसलं की मी कुकारो घालायचो. कुकारो म्हणजे पोटातून काढलेली लांब हाक. कुकारो कानावर आला की हातातलं टाकून किनाऱ्याकडे धावायचं, ही वाडीची रीत. दोराला जो हात लावील त्याला वाटा, मग तो वाटेने जाणारा पाहुणा का असेना. माझा आवाज खाडीपर्यंत जायचा. त्या आवाजावरच मी जेवत होतो.

उपकेंद्रात तेव्हा एक नर्सबाई होती, घाटावरची. चप्पल हातात घेऊन वाळूतून यायची आणि पुस्तकातल्यासारखं बोलायची. तिने अंगणवाडीत बैठक लावली. "तापाची माहिती आहे, पुरुषांनीही यायचं." लेप्टोच्या तापाला सगळेच घाबरायचे, म्हणून आम्ही गेलो. सगळे बसल्यावर तिने आतून कडी घातली.

"माझ्या वहीत या वाडीतल्या बायका सारख्या पडतात," ती म्हणाली. "एवढ्या पायऱ्या घसरड्या असतील तर आधी त्या नीट करून घेऊ."

मग मागून माझी बायको म्हणाली, "बाय, पायऱ्यो बऱ्यो आसत. घोव घसरतत."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. घोवांना, म्हणजे नवरेमंडळींना, हसावं की उठावं ते कळेना, आणि कडी तर आतून. मी खाली बघत होतो. माझ्या बायकोचा वरचा एक दात नव्हता. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला, न्हाणीत पडून, असं वाडीला माहीत होतं. आता ती पुढे काय बोलते, एवढीच मला भीती. ती तेवढ्यावरच थांबली.

नर्सबाईने सांगितलं ते साधंच होतं. गरोदर बाईच्या पोटाला मार लागला तर मूल पोटातच जातं, कधी आईसुद्धा जाते. आणि मारही तापासारखा पसरतो. पोरगं घरात बघतं आणि मोठं होऊन तेच करतं. "शेजारी ताप आला की तुम्ही आपल्या घरचं पाणी उकळता ना? मग शेजारी मार ऐकू आला की दार का लावता?"

"नवरा-बायकोत आपण कित्याक पडाचा?" एकजण म्हणाला.

"नाही तरी तीच पडते," नर्सबाई म्हणाली. आमची भाषा तिला तेवढी आली होती.

मग तिने विचारलं, आग लागली, कोणी बुडालं, तर माणसं कशी गोळा करता? चार बायका एकदम म्हणाल्या, "कुकारो." मोठा आवाज कोणाचा? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पुतण्यानेही बघितलं. तो दाराला टेकून उभा होता आणि हसत होता. ठरलं असं, की ज्याला पहिल्यांदा ऐकू येईल त्याने कुकारो घालायचा आणि सगळ्यांनी त्या घरापुढे जाऊन नुसतं उभं राहायचं. मी मान हलवली. मनात म्हटलं, देवा, माझ्या कानावर काही येऊ देऊ नको.

दिवाळी झाली. सुनेला सातवा लागला होता. दुपार कलली होती, मी ओटीवर जाळं शिवत होतो, बायको अंगणात सुके बांगडे उलटत होती. पलीकडून त्याचं ओरडणं आलं. मग आदळल्याचा आवाज. परत एकदा. मग काहीच नाही. मग अगदी बारीक, "काकी गो."

बायको उठून उभी राहिली. "घाला."

"काय?"

"कुकारो घाला."

मला तो कोयता दिसत होता. "माका जमाचा नाय," मी म्हटलं.

ती माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही. "मगे उद्या तिका खांदो देवक माणसा लागतली, तेवा घाला."

मी उठलो. खांब धरला. डोळे मिटले आणि पोटातून हाक काढली. मला हाक एकच येते. जन्मभर जी घातली तीच आली.

आणि अख्खी वाडी किनाऱ्याकडे धावली.

माणसं हातातलं टाकून धावली, बायका पदर खोचून, टोपल्या घेऊन धावल्या. बैठकीत ठरलेलं कोणालाच आठवलं नाही, कारण त्या हाकेचा अर्थ मासे. एक म्हातारी तेवढी उलट्या दिशेने, लोणच्याची बरणी काखेत मारून डोंगराकडे पळत सुटली, "दर्यो इलो, दर्यो इलो!" पलीकडचं दार उघडलं आणि पुतण्या बाहेर आला. हातात चुलीचं लाकूड तसंच होतं. लहानपणापासूनची सवय, पाय आपोआप निघाले. लाकूड त्याने अंगणात टाकलं आणि माझ्यासमोरून किनाऱ्याकडे पळाला. माझ्याकडे बघितलंही नाही.

बायको त्याच्या घरात शिरली. आत जाता जाता म्हणाली, "तेका थंय धरून ठेवा."

सुनेला ती नर्सबाईकडे नेणार होती, आणि उपकेंद्र अर्ध्या तासाच्या वाटेवर. पोटुशी बाई, मार खाल्लेली. पाण्यात मासे नाहीत हे कळलं की हा परत येणार, आणि वाटेत त्याला त्या दोघी भेटणार. मी वाळूत उतरलो.

"खंय रे मासे?"

"पाणी तर निवळ आसा."

"म्हाताऱ्याक दिसना झाला."

"सपनात बांगडे तळी असतलो."

सगळे हसले. पुतण्याही हसला. तांडेल, म्हणजे आमच्या रापणीचा म्होरक्या, दोराचं टोक हातात घेऊन उभा होता. "बोल रे, खंय?"

"मासे नाय," मी म्हटलं.

"मगे कित्याक बोंबललंस?"

मी पुतण्याच्या हातांकडे बघितलं. लाकडाची साल तळव्याला चिकटलेली होती. खोटं बोलता आलं असतं. म्हातारपणी नजर गेली म्हटलं असतं तर हसून सगळे घरी गेले असते, आणि तो सगळ्यात आधी.

"हो बायलेक मारी होतो म्हणान." मी पुतण्याकडे बोट केलं.

हसणं थांबलं. पुतण्या दोन पावलं पुढे आला. मला वाटलं, आता संपलं. पण त्याने हात उचलला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, काकीचो दात खंय गेलो, ता सांग आधी."

हे त्याला त्याच्या बापाने सांगितलं असणार. तेव्हा भिंत नव्हती. इतकी वर्षं मी ज्याला घाबरलो ते हेच. कोयता नंतरचा. शेजारचं दार उघडायला गेलं की माझंही उघडणार, म्हणून मी भिंतीकडे पाठ करून जेवत होतो. समोर सगळी वाडी. माझ्या बरोबरीचे, त्यांची पोरं, नातवंडं. मी पाण्याकडे बघितलं आणि म्हटलं, "मी पाडलंय."

तिने पस्तीसेक वर्षं वाडीला सांगितलं, पडलंय. मी म्हटलं, पाडलंय. आता लिहिताना दिसतं, एका कान्याचा फरक.

तांडेलाने हातातला दोर बघितला. "कुकारो घातलो, आमी इलो, दोर हातात घेतलो. आता तो फुकट नाय जावचो. ज्येचो हात घरात उठता, तेचो हात ह्या दोराक नको."

"आणि ह्या म्हाताऱ्याचो?" पुतण्या ओरडला.

"तेचा तेच्या बायलेक विचारतलंव."

एक बाई फसकन हसली आणि गप्प झाली. पुतण्या घराकडे निघाला तर वाडीतल्या बायका त्याच्या वाटेवर उभ्या होत्या. हात लावला नाही, शिव्या दिल्या नाहीत. नुसत्या टोपल्या घेऊन उभ्या. बैठकीतलं त्यांना आता आठवलं असावं. तो वाळूत बसला. मी पण बसलो, त्याच्यापासून लांब.

दिवेलागणीला बायको परत आली. नर्सबाईने सुनेला गाडीत घालून मालवणला नेलं होतं. बाळाचे ठोके लागत होते. "नर्सबायेन विचारल्यान, पडली काय," बायको म्हणाली. "सुनेन सांगल्यान, नाय. पाडल्यान."

"मी पण सांगलंय," मी म्हटलं. "दाताचा. सगळ्यांसमोर."

ती चुलीपुढे बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली. "बरा झाला. त्या न्हाणयेवर उगाच आळ होतो." मग माझ्याकडे पाठ केली आणि दोन दिवस बोलली नाही. वाडीने तिला विचारलं, याला दोरावर ठेवायचं का. तिने काय उत्तर दिलं ते मला कोणी सांगितलं नाही. मी कातळावर बसतो आहे त्यावरून समजायचं.

सुनेला मुलगी झाली. माहेरी राहून, बाळाला वर्ष झाल्यावर ती परत आली. यायच्या आधी माझ्या बायकोने गवंडी बोलावला आणि भिंतीतला डोक्याच्या उंचीवरचा एक चिरा काढून घेतला. पुतण्या बघत उभा होता. तेव्हा तो रापणीबाहेर होता, दुसऱ्यांच्या होडीवर जायचा. सुधारला का, असं लोक विचारतात. मला माहीत नाही. त्यानंतर एकदा त्याचा आवाज चढला, तेव्हा सून त्या भोकाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "काकानू, श्वास घ्या." तो बाहेर निघून गेला. मी मात्र तो कुकाऱ्याचा श्वास रात्र होईपर्यंत सोडला नव्हता.

बायको गेल्यापासून सून रोज सकाळी त्या भोकातून विचारते, "काकानू, उठलात काय?" मी म्हणतो, "उठलंय." कधी वाटीतून कालवण येतं.

गेल्या आठवड्यात एका सकाळी आवाज आलाच नाही. मी अंथरुणात वाट बघितली. ऊन दारात आलं. भोकाशी कान लावला. भांडं नाही, पोरीचं बोलणं नाही, काहीच नाही. मला ते काहीच नाही ओळखीचं होतं. हाक मारली, "गो सुने." उत्तर नाही. मी काठी न घेता ओटीवर गेलो, खांब धरला, डोळे मिटले आणि पोटात हवा भरली.

"काय करतात काकानू?"

ती बेड्यातून, म्हणजे अंगणाच्या फाटकातून, आत येत होती, डोक्यावर रिकामी टोपली, पोरीचा हात धरून. पहिल्या गाडीने कट्टा गावच्या बाजारात जाऊन मासे विकून आली होती. रात्री तिने मला सांगितलंही होतं, मी विसरलो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी अजून खांब धरून उभा होतो, तोंड उघडं.

"घालतलात?" तिने विचारलं.

हो म्हणून मी मान हलवली. तिने टोपली खाली ठेवली आणि माझा हात खांबावरून सोडवला. तो तिने तसाच धरून ठेवला.