जिराफाला बस

आमच्या छापखान्यातल्या चित्रकार बाईंनी अठरा वर्षं एकच पुस्तक काढलं, असं मी म्हणतो. मालकांच्या हिशेबी ती चाळीस निरनिराळी पुस्तकं. एकात अस्वल बस चालवतं आणि ससा तिकिटं फाडतो, दुसऱ्यात तोच ससा बंब घेऊन आग विझवायला निघतो. प्राणी सगळे जिवलग मित्र, भांडण कधी नाहीच.

मुलं भाळायची ती गाडीच्या खिडकीवर. प्रत्येक पानाला मधोमध गोल भोक आणि त्यातून डोकावणारा प्राणी. भोक पाडायचं काम माझं. त्याचा पोलादी साचा एकच होता. दुसऱ्या साच्याचं नाव काढलं की मालकांच्या कपाळाला आठ्या पडत. म्हणून गाडी कुठलीही असो, तोंड त्याच गोलात यायला हवं, हत्तीचंसुद्धा. बाई कोऱ्या कागदावर आधी वाटी पालथी घालून गोल काढायच्या, मग बाकीचं चित्र.

या प्राण्यांना एकदा तरी गाडीतून उतरवू द्या, म्हणून त्या दर वर्षी मालकांच्या मागे लागत. शेवटी मालक पाघळले. एक पुस्तक बिनगाडीचं, बिनभोकाचं. खपलं तर पुढची बाईंच्या मनासारखी. नाहीतर पुन्हा गाड्या आणि विषय बंद.

बाईंनी चार महिने घेतले. जिराफ, गाढव आणि बदक तळ्याकाठी नुसते हिंडतात, एवढीच गोष्ट. पण जिराफाची मान पानभर उभी होती, आणि त्या दिवसांत बाई गुणगुणत जिना चढायच्या.

पुढे माती खाल्ली ती मी. छापील कागद माझ्याकडे पालथे येतात. या वेळी भोक नको, असं बाईंनी मला दोनदा बजावलं होतं, मी मानही डोलावली होती. सकाळी मशीन सुरू केलं, गठ्ठा नेहमीच्या आकाराचा होता, हात आपोआप साच्याकडे गेला. दुपारी सहज एक पान उलटून पाहिलं आणि मग सगळा गठ्ठाच उलटत गेलो. एकूण एक जिराफाच्या मानेत भोक होतं.

मालक ओरडले नाहीत. कागद वाया कशाला घालवायचा, भोकाभोवती बस चिकटवू, म्हणाले. बाईंनी तेवढी बस काढून द्यायची.

मी माफी मागायला गेलो तेव्हा बस काढून झाली होती.

"मला चार शिव्या तरी द्या," मी म्हणालो.

"तुम्हाला काय देऊ? जिराफासाठी चार महिने खोडत बसले मी. ही अर्ध्या तासात झाली." त्यांनी बस माझ्यापुढे सरकवली. "आणि छान झालीय हो."

खरंच छान झाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुस्तक हातोहात खपलं. बाई ठरल्याप्रमाणे मालकांकडे गेल्या. खपलं ते बसमुळे, मालक म्हणाले. त्यांना खोटं पाडायला बाईंकडे बिनबसची एकही प्रत नव्हती.