अण्णांची साखर अडतीस

आमच्या अण्णांनी जन्मात दारूला हात लावला नाही, आणि सुमनच्या साखरपुड्यात ते पिऊन पडले होते हे कनेरगाव नाक्यावर सगळ्यांना माहीत आहे. यातलं पहिलं खरं. दुसरं खोटं आहे हे शपथेवर सांगू शकेल असा माणूस त्या दिवशी अंगणात एकच होता, आणि तो गप्प बसला. तो मी.

अण्णा म्हणजे माझे वडील. सुमन माझी धाकटी बहीण. नाक्यावर माझं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. कॉलेजात सायन्सला मी दोन वर्षं काढली होती (दोन्ही पहिल्याच वर्षाला), त्यामुळे घरात विज्ञान म्हणजे मी. रेडिओ बंद पडला की मी, मायचा गुडघा दुखला की मी. मी फार बोलत नाही. न बोलणारा माणूस हुशार असावा असा आमच्याकडे एक गैरसमज आहे, तो मी कधी दूर केला नाही.

अण्णांना साखर निघाली तेव्हा हिंगोलीच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेलो. डॉक्टर भला माणूस. त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "हे बघा, उपाशीपोटी साखर शंभरच्या आत असली की माणूस निरोगी. जेवून दोन तासांनी एकशे चाळीसच्या आत. यांना मधुमेह आहे, यांची उपाशीपोटी एकशे तीसपर्यंत राहिली तरी मी खूश. सकाळी नाश्त्याआधी एक गोळी, आणि गोळीवर जेवण चुकवायचं नाही. सत्तरच्या खाली साखर गेली तर मला फोन करत बसू नका. आधी तोंडात साखर टाका."

वरचे आकडे मी पाठ केले. सत्तरचं मात्र मला पटलं नाही. साखरेच्या रोग्याला साखर द्या म्हणजे अळी पडलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीवर आणखी अळ्या सोडा म्हणण्यासारखं. सकाळपासून पेशंट बघून डॉक्टर थकले असतील असं समजून मी ते सोडून दिलं. माझ्या धंद्यात हिशेब सरळ होता. झाडावर वीस अळ्या म्हणजे वाईट, पाच म्हणजे बरं, आणि एकही नाही म्हणजे उत्तम.

पुढं मी नांदेडहून साखर तपासायचं मशीन आणलं. त्या काळी नाक्यावर मोबाईलसुद्धा दोघा-तिघांकडेच होते, त्यामुळे मशीन बघायला माणसं आली. रोज सकाळी अण्णांचं बोट टोचायचं आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. आकडा कमी आला तर मी मान हलवायचो. जास्त आला तर भाषण.

"काल काय खाल्लं?"

"भाकर."

"भाकरीसंगं?"

"बाळू, तू दुकान उघडायला जा ना बाबा."

लहानपणी मी प्रगतिपुस्तक घेऊन त्यांच्यासमोर उभा राहायचो, तसे ते आता बोट घेऊन माझ्यासमोर उभे राहू लागले. मला ते आवडत होतं. इतकं सांगतोच आहे तर हेही सांगून टाकतो.

सुमनला स्थळ आलं ते औंढ्याकडचं. मुलगा मास्तर, शेती बरी. मुलाच्या वडिलांची अट एकच. त्यांच्या थोरल्या मुलीचा संसार जावयाच्या दारूनं बुडाला होता. ओसरीवर बसल्या बसल्या, पाणी प्यायच्याही आधी त्यांनी विचारलं, "घरात कोणी घेतं का?" अण्णांनी नुसतं गळ्यातल्या तुळशीच्या माळेला बोट लावलं. तिथंच सोयरीक ठरली. सुमन आतून ऐकत होती. तिला मुलगा पसंत होता, हे तिनं चहात दोनदा साखर टाकली त्यावरून सगळ्यांना कळलं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी अंगणात बुंदी पाडली. अण्णा आचाऱ्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोट टोचलं. दोनशे एक्केचाळीस.

"अण्णा, बुंदी खाल्ली."

"चाखली."

"किती?"

"आचारी म्हणला, पाक जमला का बघा. एकडाव बघून पाक कळत नसतो, बाळू."

पाहुणे येणार, अंगणात मांडव, आणि घरात दोनशे एक्केचाळीस. मी त्यांच्या हातावर दोन गोळ्या ठेवल्या.

"डॉक्टरनं तर एकच सांगितली," अण्णा म्हणाले.

"अळी जास्त असली की डोस वाढवावा लागतो."

"मी काय पऱ्हाटी हाव का?"

पण घेतल्या त्यांनी. आदल्या दिवशीच्या बुंदीचा अपराध डोक्यावर होता. वर मी हुकूम सोडला, की आकडा खाली येईपर्यंत अन्नाचा कण मिळणार नाही.

माय कामात होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. थोड्या वेळानं तिनं बिनसाखरेच्या चहासोबत रोजची गोळी नेऊन दिली. अण्णांनी तीही मुकाट्यानं घेतली. नाही म्हणाले असते तर बुंदीचं निघालं असतं. (मायला नाही म्हणणं त्यांनी तसंही लग्न झाल्या झाल्या सोडून दिलं होतं.)

पाहुणे जेवणाच्या आधी यायचे होते. त्यांची जीप वाटेत पंक्चर झाली. पंगत अडली. अण्णा उपाशी. मी अधूनमधून टोचत होतो. एकशे अठ्ठावीस. मग चौऱ्याऐंशी. मी अण्णांना शाबास म्हणालो. बापाला शाबास म्हणणारा मुलगा सगळ्यांच्या नशिबी नसतो.

दुपार कलल्यावर जीप आली. अण्णा स्वागताला पुढं झाले तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते. मला वाटलं, मुलीच्या बापाला होतंच असं. त्यांनी मुलाच्या वडिलांचे दोन्ही हात धरले आणि फार मायेनं विचारलं, "बैल आणला का?"

"कोणता बैल?"

"तांबडा. एका शिंगाचा."

"अण्णा, हे आपले व्याही हायत," मी कानात सांगितलं.

"व्याही हायत तर मंग व्यवहार चोख पायजे." असं म्हणून ते नवरदेवाकडे वळले. त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "दात दाखव बरं."

मुलगा इतका सालस, की त्यानं दाखवले.

"दुसा हाय," दोन दात आलेल्या गोऱ्ह्याबद्दल सांगावं तसं अण्णा सगळ्यांना म्हणाले. "चालंल."

मांडवात कोणीतरी फिसकन हसलं. मुलाचे वडील हसले नाहीत. ते अण्णांच्या तोंडाजवळ वाकले, वास घेतला आणि मला हळूच म्हणाले, "पाव्हणं सकाळपासूनच सुरू हायत का?"

आता विज्ञानच इज्जत वाचवणार होतं. मी मशीन आणलं, सगळ्यांदेखत अण्णांचं बोट टोचलं आणि आकडा वाचला. अडतीस. आमच्या घरात इतका कमी आकडा कधी आला नव्हता. "बघा," मी पाहुण्यांना मशीन फिरवून दाखवलं, "तब्येत एकदम फर्स्ट क्लास. नॉर्मलच्याही खाली."

पाहुण्यांपैकी एकानं मान डोलावली. तोही माझ्यासारखाच शिकलेला असावा.

मग कुंकू लागलं, साडी दिली, सुमनच्या ओटीत साखरेचा पुडा पडला. आमच्याकडे त्यानंतर व्याही व्याह्याच्या तोंडात साखर घालतो. मुलाचे वडील मनातून खट्टू झाले होते, पण रीत ती रीत. त्यांनी चिमूट भरली आणि अण्णांच्या ओठांपर्यंत नेली. मी त्यांचं मनगट धरलं.

"त्यांना साखर चालत नाही."

भरल्या मांडवात व्याह्याचा हात धरलेला मी पहिलाच असेन. चिमूट अण्णांच्या धोतरावर सांडली. अण्णांनी बोट जिभेला लावलं आणि धोतरावरचे दाणे टिपायला लागले. एकेक दाणा. मी धोतर झटकलं.

मग त्यांनी सुमनच्या ओटीतल्या पुड्यालाच हात घातला. मी पुडा उचलून मागं केला.

"बाळू," ते म्हणाले, "चिमूटभर दे रे. चिमूटभर."

मागितलेलं दिलं नाही असं त्यांनी माझ्या बाबतीत कधी केलं नव्हतं, आणि माझ्याजवळ काही मागायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांच्या अंगाला कळत होतं काय हवंय ते. आकडा हातात घेतलेल्या माणसाला कळत नव्हतं. मी सगळ्यांदेखत त्यांना दटावलं, "अण्णा, लहान हायत का तुमी?"

ते माझ्याकडे बघत बघत गादीवरून कलंडले.

मांडवात एकच गलका झाला. शेजारची एक बाई म्हणाली, गंगाजल असंल तर आणा. माय माजघरातून आली ती सरळ माझ्यापर्यंत. माझ्या हातातला पुडा तिनं ओढून घेतला.

"गंगाजल ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "जातंय माणूस, तर निदान गोड खाऊन जाऊ द्या."

तिनं मुठीनं साखर घेऊन पाण्यात भिजवली आणि बोटानं त्यांच्या गालाच्या आत लावायला लागली. ते गिळत होते. आणि मी, अजूनही मीच, मागून म्हणालो, "माय, साखर वाढंल त्यांची."

मायनं माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, आताही सांगत नाही.

दुसरी मूठ संपत आली तसा घाम थांबला. अण्णांनी डोळे उघडले, मांडवभर नजर फिरवली आणि विचारलं, "पाव्हणं आले का?"

"आले बी," मुलाचे वडील जोडे घालत म्हणाले, "आन् चालले बी."

मी जीपपर्यंत मागं गेलो. तोवर डॉक्टरांचा तो सत्तर माझ्या डोळ्यांपुढं येऊन उभा राहिला होता, आणि अडतीस त्याच्या वर असतात की खाली हे मला कळलं होतं. मुलाचे वडील जीपचं दार धरून थांबले. भला माणूस, त्यानं संधी दिली.

"माझ्या लेकीचं कसं झालं तुमाला ठावं हाय. खरं सांगा. घेतात का ते?"

दोन वाक्यं पुरली असती. सकाळी मी गोळ्या जास्त दिल्या. उपाशी ठेवलं. एवढंच. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "आता काय सांगू."

आमच्या भागात त्याचा अर्थ हो असा होतो.

सोयरीक मोडली. उरलेली बुंदी गल्लीत वाटली, आणि बुंदीबरोबर बातमीही गेली. त्यानंतर येणारं प्रत्येक स्थळ आधी नाक्यावर चौकशी करून यायचं, किंवा चौकशी करून यायचंच नाही. अण्णा रस्त्यानं नीट चालले तरी पोरं म्हणायची, आज सुद्धीवर हायत. सुमनचं लग्न झालं, चांगल्या घरी झालं, पण फार उशिरा.

मधल्या काळात एकदा अण्णा दुकानात आले. एरवी ते यायचे नाहीत. स्टुलावर बसले, खताच्या पोत्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाळू, त्या दिवशी मला काय झालं होतं रे?"

मला वाटलं, त्यांना खरंच आठवत नाही. मी म्हणालो, "काय की, अण्णा. उन्हाचं झालं असंल." आणि त्यांना बिनसाखरेचा चहा मागवला. त्यांनी तो पूर्ण प्याला. पुढं काही वर्षांनी ते गेले. साखरेनं नाही, हृदयानं. मायही गेली. आता मलाच साखर निघाली आहे, आणि माझं मशीन माझी बायको मला हाताळू देत नाही.

गेल्या दिवाळीत मी सुमनकडे गेलो. जेवणं झाली, भावजी झोपले, आणि मी एकदाचं तिला सगळं सांगितलं. एवढं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो. सुमन तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"दोन तू दिल्या, एक मायनं," ती म्हणाली. "तीन झाल्या."

"तुला कोणी सांगितलं?"

"अण्णांनी. दुसऱ्याच दिवशी. दुपारचं त्यांना काही याद नव्हतं, पण सकाळचं होतं ना. हातावर गोळ्या तूच ठेवल्या होत्या."

"मायला बी माहीत होतं?"

"मंग? डॉक्टरकडं कोण गेलं होतं इचारायला?"

"मंग पाव्हण्याकडं जाऊन काहून न्हाई सांगितलं कोणी?"

"म्या म्हणलं होतं, जा. अण्णा म्हणले, औषधं इकणाऱ्या पोरानं बापालाच डोस जास्त दिला म्हणल्यावर त्याच्या दुकानाची पायरी कोण चढंल? मी म्हातारा माणूस, पेलो म्हणू दे." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मला कोणी इचारलंच न्हाई. लगीन माझं मोडलं, दुकान तुझं चाललं."

तिनं ताट हलवून तांदूळ पसरले.

"दुकानात आले होते ना एकडाव तुला इचारायला? माय म्हणली होती, तोंड उघडायचा मोका तरी द्या पोराला. घरी आले तशी मायनं इचारलं, बोलला का? अण्णा म्हणले, न्हाई. चहा पाजला."

मग ती हसली. अगदी थोडं, पण हसली. मी हसलो नाही, कारण मी हिशेब करत होतो. अण्णांना माहीत, मायला माहीत, सुमनला माहीत, पुढं भावजींनाही माहीत. आणि मी मात्र ती गोष्ट इतकी वर्षं घरातल्या एकाही माणसाला कळू दिली नव्हती.