हिंगाच्या डबीतली टिप

निर्णय घ्यायला उशीर लावणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. कितव्या मजल्यावर फ्लॅट घ्यायचा हे ठरेपर्यंत अख्खी इमारत जुनी झाली, असेही लोक माझ्या ओळखीत आहेत. पण शर्टाच्या बटणाएवढ्या चामड्याच्या चकतीपुढे माझे थोरले साडू जितक्या गांभीर्याने बसतात, तितक्या गांभीर्याने देवापुढे बसलेला माणूस उभ्या डोंबिवलीत सापडणार नाही. ही चकती म्हणजे पूलच्या, टेबलावरचे बॉल कडेच्या भोकांत घालायच्या खेळाच्या, काठीची, म्हणजे क्यूची, टिप. क्यूच्या टोकाला ती गोंदाने चिकटवतात आणि बॉलला काय लागते ती तेवढीच. "बाकीची नुसती दांडी हो," साडू म्हणायचे. "बॉलशी बोलते ती टिप."

साडूंची सगळी नोकरी मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, माल तपासण्याच्या खात्यात गेली. नापास करणं हा त्यांचा पेशा. तो त्यांनी घरीही इमानेइतबारे चालू ठेवला आणि हापूस आंबे, प्लंबर आणि लग्नाआधी काही दिवस मी, असे सगळे त्यांच्या हातून नापास झालो. कारखान्यात कामगारांच्या करमणुकीसाठी पूलचं टेबल होतं, तिथे हा नाद लागला. मानपाड्याच्याच एका जुन्या गाववाल्याने आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर पूलचं पार्लर काढलं होतं, तिथे ते निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी जाऊ लागले. रंगीत केसांच्या पोरांमध्ये हे एकटे इस्त्रीची पँट आणि खिशाला पेन लावून उभे असायचे. टिप निवडायची त्यांची रीत ठरलेली होती. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत ती धरायची, डोळे मिटायचे आणि वैद्याने नाडी बघावी तसं हलके हलके दाबत राहायचं. मग निकाल. "फार कडक. बॉलला टोचून बोलेल." किंवा "फार मऊ. प्रत्येकाच्या हो ला हो करेल." ठाण्याच्या खेळाच्या सामानाच्या दुकानात ते शिरले की दुकानदार आधी स्वतःसाठी चहा मागवायचा. एकदा पार्लरमधल्या पोरांनी त्यांचे डोळे बांधून हातात वेगवेगळे क्यू दिले. प्रत्येक फटक्यानंतर साडूंनी कुठली टिप मऊ, कुठली कडक, कुठली कडेला सुटायला आली आहे, ते अचूक सांगितलं. "काका, टिप तिकडे पुढे, तुम्हाला इकडे कसं कळतं?" एकाने विचारलं. साडूंनी उजवा पंजा पुढे केला. "हा सांगतो."

न आवडलेल्या टिपा ते टाकून देत नसत. माणूस चुकून नापास होऊ शकतो, तशी टिपही होऊ शकते, असं त्यांचं मत. त्या सगळ्या हिंगाच्या एका रिकाम्या डबीत जायच्या. डबी कितीही धुतली तरी वास गेला नाही, त्यामुळे साडू टेबलावर वाकले की पार्लरभर आमटीला फोडणी दिल्यासारखं वाटायचं. ही डबी कायम खिशात. कळव्याला आमच्या एका भाच्याचं लग्न होतं. मुहूर्ताला थोडा अवकाश आहे असं बघून साडूंनी थेट गुरुजींपुढे डबी उघडली आणि म्हणाले, "गुरुजी, ह्या दोन्ही जरा दाबून बघा. तुमची बोटं स्वच्छ आहेत." गुरुजींनी दाबून बघितल्या. डावी बरी म्हणाले. साडूंना उजवी बरी वाटत होती, आणि त्या वादात मंगलाष्टकं खरोखर उशिरा सुरू झाली.

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, या सगळ्याकडे शांतपणे बघायच्या. फक्त एक गोष्ट त्यांना लागली होती आणि ती त्या पाहुण्यांपुढे हमखास काढायच्या. "मला बघायला आलेले ना, तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हटलेलं. आणि ह्या चामड्याला महिना-महिना!" यावर साडू अत्यंत गंभीरपणे म्हणायचे, "अगं, तिथे चुकलं तर निभावून नेता येतं. टिपला एकदा गोंद लागला की लागला." आम्ही हसायचो. ताई आत जाऊन भांडी जरा जोरात लावायच्या.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एका सकाळी साडूंच्या हातातून चहाचा कप पडला. तो उचलायला ते वाकले आणि त्यांना उठता आलं नाही. उजवी बाजू गेली होती. दवाखान्यात वेळेवर नेलं, म्हणून निभावलं. बोलणं परत आलं, चालणंही आलं. उजव्या हातात जोरही बराच आला, पण बोटांची जाणीव तेवढी यायची राहिली. "हात माझाच आहे," ते मला म्हणाले, "पण काही सांगत नाही." डॉक्टर म्हणाले, खेळायचात ते खेळा, हाताला चांगलं. अडचण एकच होती. आजाराच्या आठवडाभर आधी त्यांनी क्यूची झिजलेली टिप स्वतःच्या हाताने खरवडून काढली होती. क्यू दाराच्या मागे बोडका उभा होता. नवी टिप निवडायची होती.

ही निवड संपेचना. मी ठाण्याहून टिपा नेत होतो, पार्लरमधली पोरं आणून देत होती, आणि साडू एकजात सगळ्या नापास करत होते. कारणंही भलतीच. एकीचा रंग उदास होता, दुसरीचा आवाज बरा नव्हता. कधी ते टिप काचेच्या टीपॉयवर टाकून कान लावायचे, कधी दाढेखाली धरून चावायचे. एकदा हातापायाला व्यायाम म्हणून पार्लरपर्यंत चालत गेले आणि तिथेही चावत बसले, तेव्हा मालक न राहवून म्हणाला, "साहेब, चामरा हाय त्यो, सुपारी नाय चावाला." सगळे हसले, साडूही हसले. मी मात्र तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. उजव्या हाताची चिमूट त्यांनी कधीच सोडून दिली होती. टिप ठरली असती तर ती लावावी लागली असती, लावली असती तर खेळावं लागलं असतं. आणि पहिल्याच फटक्याला तो हात गप्प राहिला असता.

मध्यंतरी एका रविवारी दुपारी मी एक टिप घेऊन गेलो. गप्पांच्या नादात साडूंनी सवयीने ती उजव्या चिमटीत धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "कडक आहे." ती दुकानातली सगळ्यात मऊ टिप होती, तसं पाकिटावर छापलं होतं आणि ते पाकीट माझ्या हातातच होतं. त्यांनी डोळे उघडून आधी माझ्याकडे आणि मग पाकिटाकडे पाहिलं.

"नाही का?" ते हळूच म्हणाले.

"आहे की थोडी," मी म्हणालो.

ताई शेंगा सोलत होत्या. त्यांनी हात पुसले, टिप उचलली, दाबली. "मऊ आहे," त्या म्हणाल्या. "अहो, तीस वर्षं ऐकतेय मी. लोण्यासारखी मऊ आहे. हीच लावा."

"अगं, पण मला कळत नाहीये," साडू म्हणाले. इतकं साधं वाक्य त्यांना इतके महिने बोलता आलं नव्हतं. "मारली तरी कळणार नाही."

"मग मी सांगेन ना. चला, साडी बदलून येते."

ताई आयुष्यात पहिल्यांदा पार्लरमध्ये आल्या. मालकाने स्वतःची खुर्ची पुसून दिली, पोरांनी टेबल मोकळं केलं आणि कुणी न सांगता गाणी बंद झाली. ताई साडी बदलेपर्यंत मीच टिप झटपट वाळणाऱ्या गोंदाने चिकटवून, घासून गोल केली होती. साडूंनी तिला खडू लावला, नको इतका लावला, आणि वाकले. उजव्या हाताने क्यू धरला आहे की नाही, हे त्यांनी मान वळवून बघून घेतलं. ते बघणं माझ्याच्याने बघवलं नाही. मग फटका बसला. पांढरा बॉल गेला, पिवळ्याला लागला, आणि पिवळा पॉकेटच्या तोंडाशी जाऊन थांबला. पोरं हळहळली. साडूंनी बॉलकडे पाहिलंच नाही. ते खुर्चीकडे वळले.

"कशी लागली गं?"

"मऊ," ताई म्हणाल्या. "आणि डावीकडे जरा घासायला हवी."

आता दर रविवारी दोघं जातात. ताई खुर्चीत मटार सोलत बसतात आणि प्रत्येक फटक्यानंतर न बघता, नुसत्या आवाजावरून सांगतात. साडूंना त्यांचं म्हणणं सहसा पटत नाही, ते वादही घालतात. पण त्यांना विचारल्याशिवाय पुढचा बॉल मारत नाहीत.