व्याह्यांकडून घेतलेली गाडी

२१ फेब्रुवारी १९८२, रविवार. तुमसरला व्याह्यांच्या ओसरीवर बसून मी त्यांना अठरा हजार रुपये रोख दिले आणि त्यांची नऊ वर्षं वापरलेली पांढरी मोटारगाडी विकत घेतली. हजर होते मी, व्याही, माझे जावई आणि साक्षीला शेजारचे एक धानाचे व्यापारी. गाडी कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात कंपनीचा दोष नव्हता एवढं मी सांगू शकतो. कोणाचा होता, ते आजही सांगता येत नाही.

आधीच सांगून टाकतो की मी असल्या गोष्टी मानणारा नाही. साकोलीत माझं बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे, त्याच्या दारावर कधी लिंबू-मिरची टांगली नाही. ज्याला वजन नाही, माप नाही, ते माझ्या लेखी नाही. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचतो आणि हसतो. आज तेच स्वतः लिहायला बसलोय, म्हणून माझीच मला चीड येतेय.

तर... त्या दिवशी तुमसरहून भंडाऱ्यापर्यंत गाडी उत्तम आली. भंडाऱ्याहून साकोलीच्या रस्त्याला लागलो आणि स्टीअरिंग डावीकडे ओढायला लागलं. हात जरा सैल केला की गाडी डांबर सोडून खाली उतरायला निघायची. घरी पोचेपर्यंत उजवा दंड भरून आला.

दुसऱ्या दिवशी गाडी रहीमभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. माणूस कामाचा. आधी चारही चाकांची हवा पाहिली. बरोबर. मग पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावले – दोष टायरमध्ये असेल तर गाडी आता उलट बाजूला ओढेल, असा हिशेब. ओढली डावीकडेच! ब्रेक एका चाकाला धरत असेल म्हणून गाडी पळवून आणली आणि दोन्ही ड्रमना हात लावून पाहिला. दोन्ही सारखेच कोमट. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून अलाइनमेंट पाहिली. दोरी दोन्ही बाजूंनी सारखी टेकली.

"सेठ, ये तो रोड का ढलान है," ते म्हणाले. "पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता असतो. गाडी थोडी डावीकडं जाणारच."

"थोडी? मघाशी नालीत जात होती!"

मग त्यांनी पुढच्या चाकांचा रॉड थोडा फिरवून दिला. पुन्हा देवरीच्या बाजूला जाताना हात सोडून पाहिला. ओढ तशीच; येताना गच्च धरून आलो.

त्या संध्याकाळी बसस्टँडवर चार लोकांत माझ्या तोंडून निघून गेलं – "व्याह्यांनी ठोकलेली गाडी माझ्या गळ्यात मारली." तुमसरची यष्टी समोरच उभी होती. मी घरी जाऊन जेवेपर्यंत माझं वाक्य व्याह्यांच्या ओसरीवर पोचलेलं असणार.

पुढच्या आठवड्यात गाडी भंडाऱ्याच्या एका मोठ्या गॅरेजला घेऊन निघालो. जाताना ती उजवीकडे ओढायला लागली. उजवीकडे! मला वाटलं, रहीमभाईंनी रॉड जास्त फिरवला. भंडाऱ्याच्या मिस्त्रीनं नागपूरच्या दिशेला जाताना हात सोडून पाहिला आणि परत येऊन मला विचारलं, "कोणत्या येड्यानं हात लावला हिले? डावीकडं ओढत होती म्हन्ता, अन् हे तं उजवीकडं जाऊन राहिली!" त्यानं रॉड होता तसा केला, वर अर्धा आटा उलट दिला. मी पैसे दिले, साकोलीकडे निघालो. गाडी डावीकडे! पहिल्यापेक्षा जास्त!

रहीमभाईंना सांगितलं तर ते भडकले. "भंडारेवाले को स्टीअरिंग पकडना आता है क्या?" महिनाभर हेच चाललं. भंडाऱ्याचा मिस्त्री म्हणायचा उजवीकडे, साकोलीचा म्हणायचा डावीकडे, आणि दोघंही मला हसायचे. एक टायर तर आतल्या बाजूनं पार खाल्ला गेला.

एवढ्यात अक्षय तृतीया आली. कमलला, म्हणजे आमच्या मुलीला, लग्नानंतर पहिल्यांदाच सणाला आणायचं होतं. निरोप धाडला, तर जावयांचं पोस्टकार्ड आलं – बाबा म्हणतात, ज्यांना आमची गाडी वाकडी दिसते त्यांनी आमच्या सरळ घरात मुलगी कशाला दिली? यंदा पाठवणार नाही.

बायकोनं कार्ड वाचून माझ्यापुढे टाकलं. "गाडी आनली अन् पोरगी घालवली. झालं समाधान?"

त्यानंतर एकदा ती माझ्याबरोबर भंडाऱ्याला आली. वाटेत एक लांब सरळ पट्टा लागतो, तिथे मी नेहमीप्रमाणे हात सोडून पाहिला. गाडी उजवीकडे निघाली, थेट कडेच्या एका मोठ्या आंब्याकडे. सावरली. दुपारी परत येताना त्याच पट्ट्यावर हात सोडला. गाडी डावीकडे निघाली.

"अवो, थांबवा!" ती ओरडली. "हा तं सकाळचाच आंबा हाय!"

गाडी थांबवून उतरलो. तोच आंबा. मी उजवी-डावी करत बसलो होतो आणि गाडी दोन्ही वेळा उत्तरेलाच चालली होती. रस्त्याचा उतार म्हणावा, तर एक वेळ ती उतार चढून, रस्ता ओलांडून जात होती.

मग मी रीतसर तपासलं. साकोलीहून लाखांदूरकडे, म्हणजे दक्षिणेला गेलो – अजिबात ओढ नाही. मित्राची जीप मागून घेतली, त्याच पट्ट्यावर हात सोडला – सरळ. मला वाटलं, उत्तरेला तुमसरच्या बाजूला मँगनीजच्या खाणी आहेत, त्या ओढत असतील. शाळेतल्या विज्ञानाच्या गुरुजींना गाठलं. ते म्हणाले, "मँगनीज लोखंडाला ओढत नाही. आणि ओढत असतं, तर जीपला सोडलं असतं का?"

शेवटी ठरवलं, गाडी परत करायची. नातं तसंही तुटायला आलं होतं. सणाला चार दिवस राहिले असताना बायकोला घेऊन तुमसरला निघालो. भंडारा ओलांडून गाडी तुमसरच्या रस्त्याला लागली आणि पट्टीनं रेघ मारल्यासारखी सरळ धावली. मी चिडून दोन्ही हात मांडीवर ठेवले. तरी सरळ!

व्याही ओसरीवरच होते. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. "आना किल्ली," म्हणाले, आणि मला शेजारी बसवून गावाबाहेर वळणावळणानं फिरवून आणलं. गाडी कुठेही ओढली नाही.

"काहून इवाई? कोनत्या बाजूनं वाकडी हाय?"

"तुमच्या हातात सरळ चालते. माझ्या हातात चालत नाही."

"मंग हात बदला! गाडी कायले बदलता?"

मी म्हटलं, पैसे द्या, गाडी ठेवा. ते म्हणाले, देतो, आत्ता देतो, पण मग या दारात तुमचं येणं बंद. कमल दारात उभी होती. सासरा आणि बाप भांडत असताना मुलीनं कोणाकडे पाहावं? ती खालीच पाहत होती. बायको म्हणाली, "एका गाडीपायी पोरीले दोन्ही घरं परकी करता काय तुमी?"

तेव्हा आतून विहीणबाई आल्या. गाडीचा व्यवहार झाला तेव्हा त्या गावी नव्हत्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "गाडी देल्ली तवा तिच्या पायावर पानी कोनं टाकलं?"

"कोनं म्हन्जे?"

"आपल्या घरून बैल गेला का मी त्याच्या पायावर पानी टाकतो, दावं घेनाऱ्याच्या बायकोच्या हातात देतो, मंगच तो जाते. नाई तं जनावर घराकडंच तोंड करून राहते. हे देल्ली तशीच."

"अवो, गाडीले काय पाय असतेत?"

"चार हायेत. मोजा."

कमल फस्सकन हसली. मग जावईही हसले. विहीणबाईंनी तांब्या आणला, चारही चाकांवर पाणी घातलं, बॉनेटला कुंकू लावलं, "जाय वो माय, आता तेच घर तुवं," असं गाडीला सांगितलं आणि किल्ली माझ्या बायकोच्या पदरात टाकली. व्याही कपाळाला हात लावून बसले होते. मीही. महिनाभरात आमचं दोघांचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट.

"दाव्याचा सवा रुपया द्या," त्या मला म्हणाल्या. मी दिला. मग त्या कमलला म्हणाल्या, "जाय, पिशवी भर तुयी. सन करून ये." पिशवी व्याह्यांनीच गाडीत ठेवली.

परत निघालो. भंडाऱ्याहून साकोलीकडे वळताना मी स्टीअरिंग गच्च धरलं होतं. ओढ लागेना. आंब्याचा पट्टा आला, हात सोडले. गाडी सरळ. आंबा डाव्या हाताला मागे गेला. मागून कमल ओरडली, "बाबा, हात ठेवा ना! मले सन पाहाचा हाय!"

रहीमभाई म्हणाले, माझं काम आता बसलं. भंडाऱ्याचा मिस्त्री म्हणाला, माझं बसलं. बसलं असेल, पण गाडी आमच्या दारातून तुमसरला गेली आणि परत आली, एवढ्या एका दिवसात ते कसं बसलं, आणि त्याआधी ती दोन्ही वेळा एकाच आंब्याकडे का जायची, हे दोघांनाही सांगता आलं नाही. पुढे सहा वर्षं ती गाडी मी चालवली. एकदाही ओढली नाही, टायरही सारखे झिजले. मी अजून काही मानत नाही. कारणही अजून सापडलेलं नाही, आणि याचाच मला त्रास होतो.

गॅरेजवाल्या दोघांना मिळून चारशे पंच्याऐंशी रुपये दिले. विहीणबाईंना सव्वा रुपया. मी दोनची नोट दिली होती, त्यांनी बारा आणे परत केले.