घेवड्याच्या पानावर मोहरीचा रस

सखूबाई सप्तापूरजवळच्या एका कॉलेजच्या कीटक-प्रयोगशाळेत अकरा वर्षं कामाला होत्या. अळ्यांना रोज ताजी पानं घालायची, डबे साफ करायचे. कागदोपत्री नुसत्या मदतनीस. पण कुठली अळी कुठल्या पानाला तोंड लावते, हे त्यांच्याइतकं तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्या अळणावरजवळच्या आपल्या गावी परतल्या.

गेल्या वर्षी गावात एक औषधवाला आला. देवळापुढं टेबल मांडून त्यानं घेवड्याची पानं हिरव्या औषधात बुडवली आणि त्यांवर कोबीवरच्या बारीक अळ्या सोडल्या. एकही अळी खाईना. लोकांनी माना डोलावल्या. सखूबाईंचे दीर पुंडलिक हे सोसायटीचे अध्यक्ष. औषध सोसायटीत ठेवायचं, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं.

सखूबाई उठल्या. "औषध न लावलेलं पान घालून दाखवा."

"वहिनी, खाली बसा," पुंडलिक म्हणाले.

"नाही बसणार."

औषधवाला हसला. "अक्का, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"अळीची चव कळते."

त्यांनी परसातून घेवड्याची पानं आणली, धुतली आणि त्याच अळ्या त्यांवर ठेवल्या. अर्धा तास गेला. अळ्या नुसत्या फिरत राहिल्या. मग सखूबाईंनी मोहरीचा पाला दगडावर ठेचून त्याचा रस दुसऱ्या पानाला चोळला. त्यावर आलेल्या अळ्या थबकल्या, आणि पान कुरतडू लागल्या. लोक टेबलाभोवती दाटले.

"कोबी, मोहरी, मुळा, यांच्यात तो झणझणीत रस असतो," सखूबाई म्हणाल्या. "तो लागला तरच ही खाते. घेवडा ती एरवीही खात नाही. मग तुमच्या औषधानं काय केलं, अण्णा? लावा आता कोबीला!"

औषधवाला घुटमळला. पुढच्या खेपेला दाखवतो, म्हणू लागला. तेवढ्यात शेजारच्या सवितानं शेतातून कोबीचं पान आणून टेबलावर आपटलं. सखूबाईंनी स्वतःच्या हातानं ते औषधात बुडवलं आणि वाळू दिलं. अळ्या त्यावर तुटून पडल्या.

औषध सोसायटीत आलं नाही. पुंडलिक मात्र दिवाळीपर्यंत वहिनींशी बोलले नाहीत. चारचौघांत मान खाली गेली, असं त्यांना वाटलं. जाऊबाई समजवायला आल्या, "जरा माफी मागा."

"कशाची?" सखूबाईंनी विचारलं. "अळीनं काय खायचं, ते अध्यक्ष ठरवत नाहीत."

आणि त्या परसात कोबीला पाणी घालायला गेल्या.