मनात दहा मोजा

चहा थोडा निवू द्या, मंडळी. सहासष्टाव्या वर्षी मी परीक्षेत कसा नापास झालो ते सांगतो आहे, आणि हे ऐकताना ठसका लागलेली दोन माणसे आपल्या या पाथरीतच आहेत.

माझी नात मुक्ता पुण्याला असते. दहा वर्षांची आहे. समज जरा सावकाश चालते तिची. तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात महिनाभर माझ्याकडे राहिली. आता देवघरातल्या बाळकृष्णाला मी रोज न्हाऊ घालतो, अंगरखा चढवतो, लोणी-साखर ओठांशी नेतो. मुक्ताचेही सगळे तसेच केले. घास भरवला, केस विंचरले, चपलेचा पट्टासुद्धा मीच लावला. सगुण भक्ती याहून निराळी असते काय?

महिन्याने लेकरू परत गेले, आणि तिथे ताटापुढे आ वासून बसले! आपल्या हाताने जेवायला शाळेने तिला वर्षभर शिकवले होते. ते मी तीस दिवसांत पुसून टाकले.

सूनबाईंनी आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाल्या, "अण्णा, आधी तिचं कसं करायचं ते शिकून घ्या. मग पाठवीन."

दोन उन्हाळे रिकामे गेले. दुपारी पोथी वाचताना अंगणात चपला वाजल्या की माझी ओवी चुकते. मान वर करून पाहतो, तर शेजारच्यांची मुले.

शेवटी कळले, की परभणीत विशेष मुलांच्या एका शाळेत वर्गमदतनिसांचे प्रशिक्षण असते. रोज एस.टी.ने जाऊ लागलो. शिकवायला शेख मॅडम, माझ्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिले: आधी थांबा. मग खूण करा. मग शब्दाने सांगा. हाताला हात लावणे अगदी शेवटी.

"थांबायचे म्हणजे किती?" मी विचारले.

"मनात दहा मोजायचे, अण्णा. दहा म्हणजे दहा."

ऐकायला किती सोपे! पण माझ्यासमोर नऊ वर्षांची कोमल बसली, चमचा उचलताना तिचा हात थरथरला, आणि माझे मोजणे तीनवरच संपले. घास तिच्या तोंडात!

सोबत शिकणारी पिंगळीची सुमन कुजबुजली, "आजोबा, तुमी लय घाई करायलाव! लेकरू काय उपाशी मरायलंय का?"

"अगं, हात थरथरतो आहे तिचा."

"थरथरू द्या की! मॅडमकडं बघून माझा बी थरथरायलाय. मला भरवताव का?"

तीन आठवडे माझ्या कागदावर रोज एकच शेरा: 'मदत जास्त.' आयुष्यभर सेवा कमी पडली म्हणून देवापुढे नाक घासले. आणि इथे सेवा जास्त झाली म्हणून तक्रार! पण मुक्ता हवी होती ना? मग मी एक युक्ती काढली. आकडे मला धीर देत नाहीत, नाम देते. तर दहा आकड्यांऐवजी दहा वेळा नाम घ्यायचे. तुम्हीच सांगा, काय चुकले यात?

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावच्या एक तपासनीस बाई कोपऱ्यात कागद घेऊन बसल्या. कोमलपुढे ताटलीत वरणभात, शेजारी चमचा आणि रुमाल. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले आणि सुरू केले. राम कृष्ण हरी, एक. राम कृष्ण हरी, दोन.

पन्नास वर्षांची सवय हो! नाम आले की डोळे मिटतात. तिसऱ्याला मिटले. दहावे कधी आले आणि कधी गेले, मला विचारू नका. डोळ्यांपुढे मुक्ता उभी राहिली. पाथरीच्या अंगणात बसून ती आपल्या हाताने जेवते आहे, शिते सांडते आहे, आणि मी दुरून नुसता पाहतो आहे. असा जप जन्मात लागला नव्हता! गालांवरून धारा वाहू लागल्या.

एवढ्यात कुणीतरी माझे गाल पुसले. पाठोपाठ ओठांना काहीतरी ऊन ऊन लागले.

डोळे उघडले. समोर कोमल! ताटली रिकामी. आपले जेवण तिने आपणच संपवले होते, आणि शेवटचा चमचा माझ्या तोंडाशी धरून मला दटावत होती, "आ कर. रडू न्हाई. आ कर."

काय करणार? केला मी आ!

सुमन तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळली. तपासनीस बाईंनी चष्मा काढला आणि शेख मॅडमना हळूच विचारले, "या दोघांत मदतनीस कोण आहे?"

निकाल लागला. कोमल: सर्व कामे आपणहून केली. मदतनीस: लक्ष नाही, भरवावे लागले.

फेरपरीक्षा पावसाळ्यात. सूनबाईंना फोन केला. त्या हसल्या नाहीत. मागून मुक्ता विचारत होती, "आजोबा? आजोबा?" मग मीच म्हणालो, "याही उन्हाळ्यात तिचे येणे राहू द्या." त्यांच्यावर नाही म्हणायची वेळ यायला नको.

फोन ठेवला, तर मागे शेख मॅडम उभ्या. म्हणाल्या, "अण्णा, परीक्षा परत होईपर्यंत रोज या. तुमच्याशिवाय वर्ग अडेल आमचा."

खोटे कशाला बोलू? माझी छाती फुगली. म्हटले, आपल्यातले गुण कुणाला तरी दिसले! दुसऱ्या दिवशी धुतलेला सदरा घालून, गंध लावून वेळेआधी हजर झालो. भिंतीवर कोमलच्या नव्या पाठाचा कागद लावलेला होता. तो मी मोठ्या उत्सुकतेने वाचला:

'उद्दिष्ट: दुसऱ्याला मदत करणे. लागणारे साहित्य: ताटली, चमचा, रुमाल, आजोबा.'